दुसऱ्या अंकातली शाल

आमच्या कार्यालयातली मंडळी दरवर्षी एक नाटक बसवतात. यंदा एक जुनं तीन अंकी नाटक घेतलं आणि त्यातला थोरला भाऊ माझ्या वाट्याला आला. वडिलांनी मरताना धाकट्या बहिणीला घरात वाटा द्या अशी चिठ्ठी तिच्यासाठी ठेवलेली असते. हा ती तिला देत नाही, शेवटी जाळून टाकतो. आमचे दिग्दर्शक इथूनच निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात. तालमीला उभं राहण्याआधी प्रत्येकानं आपल्या पात्राविषयी पानभर लिहून आणायचं, हा त्यांचा नियम.

मी दीड पान लिहिलं. घर फुटू नये म्हणून तो चिठ्ठी लपवतो, पण बहिणीवर त्याचा जीव आहे; दुसऱ्या अंकात तो तिला शाल आणून देतो, तिथं ते दिसतं. काकांनी ऐकून घेतलं.

"हे तर तो सोताच सांगत फिरते गा, घरासाठी केलं म्हणून. तुले पटते?"

"तसंच लिहिलंय ना, काका."

"शाल कधी देते? चिठ्ठी वाचायच्या आधी का मंग?"

मी संहिता चाळली. नंतर देतो. त्याआधी त्यानं बहिणीला कधी रुमालही दिल्याचा उल्लेख नाही.

"मंग घरी जाऊन इचार कर, शाल काहून देते."

त्यासाठी घरी जायची गरज नव्हती.

पारशिवनीजवळ आमची शेती आहे. बाबा जाण्याच्या आठवडाभर आधी माझ्या बहिणीविषयी मला म्हणाले होते, "विहिरीकडची दोन एकर तिले देजो." खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या दिवाळीत बहीण भाऊबीजेला आली. आमच्याकडे मुलींनी भावाला हक्कसोड लिहून द्यायची रीत आहे; नाही दिली तर माहेर तुटलं म्हणतात. तिनं काही विचारलं नाही. मीही बाबांचं बोलणं सांगितलं नाही. हक्कसोडीच्या सहीसाठी कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मात्र सीताबर्डीला जाऊन मी तिच्यासाठी साडी घेतली. तेवढी महाग साडी मी बायकोलाही कधी घेतली नव्हती.

"एवढी भारी काहून आणली गा, भाऊ? लॉटरी लागली काय तुले?" ती हसत म्हणाली.

तीच साडी नेसून ती सहीला आली.

दुसऱ्या दिवशी मी काकांना नवं पान दिलं. त्यात दोनच वाक्यं होती. बहिणीचं घेऊनही याला तिच्या नजरेत चांगलं राहायचं आहे. शाल तो तिला नाही, स्वतःला देतो.

काकांनी पान घडी करून खिशात ठेवलं. "आता उभा राय," म्हणाले. मला हे कसं सुचलं, ते त्यांनी विचारलं नाही.

त्या रविवारी मी बहिणीकडे गेलो. तिचं घर कळमन्याला आहे. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"सात वर्षं झाले, भाऊ."

"हो."

"आता नाटक करून राहिला म्हणून आठवलं काय?"

आठवत रोजच होतं. पण तसं म्हणायची मला लाज वाटली.

"मले वाटे, बाबा गेले म्हणून तू माया करून राहिला," ती म्हणाली. "साऱ्या आळीले दाखवली ना मी ते साडी."

मी म्हणालो, दोन एकराचं बक्षीसपत्र करून देतो.

"वहिनीले सांगितलं?"

"नाही."

"मंग आधी तिले सांग. तिच्यापासून लपवून देशील तर मले नको. अन् पुन्हा येशील तवा काही आणू नको. मिठाईचा पुडाही नको."

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच कपाटातून सातबारा काढून टेबलावर ठेवला.

तो घेऊन मी निघालो. कळमन्याच्या अलीकडे एका संत्र्यांच्या गाडीपाशी सवयीनं थांबलो. गाडीवाल्यानं दोन फळं हातात घेऊन दाखवली. मी नको म्हणालो आणि पुढे गेलो.