मास्तरांचा खोटा प्रसंग

आमच्या घनसावंगीचे शिंपी मास्तर कुणाची थाप पचू द्यायचे नाहीत. "लग्नाला हजार माणूस होतं," असं कुणी म्हटलं, की मशीनवरून मान वर न करता विचारायचे, "मोजलं का?" बोलणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान समोरच, त्यामुळे मीही कैकदा तोंडघशी पडलो आहे.

अशा माणसाचा जिवलग दोस्त कोण, तर कथा लिहिणारा! पुढे त्याचं महाराष्ट्रभर नाव झालं, तरी नवी कथा आधी मास्तरांच्या दुकानात वाचायची हा शिरस्ता मोडला नाही. पोस्टमन, कंपाउंडर, मी, अशी पाचसहा टाळकी बाकावर दाटीवाटीने बसायची.

मास्तरांची बायको आजारात गेली, त्यावर त्याने कथा लिहिली. कथेतला शिंपी शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून असतो. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "खोटंय. मी दुकानात होतो. ती गेली तवा बी दुकानातच होतो." लेखक कागद गुंडाळून उठला, तो पुन्हा आला नाही. दोघेही हट्टाला पेटलेले. सहा वर्षांनी तो संभाजीनगरच्या दवाखान्यात वारला, तोवर मास्तर भेटायला गेले नाहीत. "पाय उचललाच न्हाई," एवढंच एकदा मला म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी लेखकावर सिनेमा काढणारी मंडळी आली. मास्तरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मंग आमी भेटलो न्हाई. तसंच दाखवा," असंही बजावलं.

जालन्याला सिनेमा लागला तेव्हा मी त्यांना एसटीने घेऊन गेलो. पडद्यावर शिंपी दवाखान्याचं दार ढकलून आत येतो आणि लेखक त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मला वाटलं, आता हे उठून ओरडणार! पण मास्तर शेवटपर्यंत पडद्याकडे बघत बसले. स्टँडवर आल्यावर म्हणाले, "बिलकुल खोटं."

पुढच्या मंगळवारी दुकान बंद. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मी विचारलं तर म्हणाले, "जालन्याला गेल्तो. खोटंच हाय ते. पण हात ठिवतो ना खांद्यावर, तेवढं पाहून येतो."

यंदा त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तो सिनेमा हाय का अजून?"

तो कधीच उतरला होता.

"आहे मास्तर," मी म्हणालो. "रविवारी जाऊ."

"बराबर," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. रविवारपर्यंत ते राहिले नाहीत.