पुढचा मुक्काम

यंत्रावरचा हिरवा दिवा विझला आणि ह्यांच्या नाकातल्या नळीतून येणारा प्राणवायू थांबला. भर दुपारी लुइझियानातल्या त्या कॅम्पग्राउंडची वीज गेली होती.

घरासारख्या मोठ्या गाडीतून महिनाभर हिंडायचं म्हणून मुलाने असे गाडी लावून राहायचे मुक्काम शोधले होते. मी एकच विचारलं होतं, "तिथे वीज जाते का?"

"आई, ही अमेरिका आहे," तो हसला.

"हिच्या माहेरी अजून जाते ना, म्हणून विचारते," हे म्हणाले. मग प्राणवायूचा जादा सिलिंडर घरीच राहिला.

शेजारच्या गाडीतली म्हातारी तिकडच्या जुन्या लोकांच्या फ्रेंचमध्ये पुटपुटत धावत आली. आपल्या जनरेटरची वायर तिने आमच्यापर्यंत ओढली. दिवा लागला, पण ह्यांचे ओठ निळेच राहिले.

फुप्फुसं संपली की सगळ्या जागा सारख्याच. तरी माणूस झाडाची सावली बघतो, तळं बघतो, निवडत बसतो.

"उद्या कुठे?" ह्यांनी विचारलं. मुलाने फोनवर तीन जागा दाखवल्या. त्यांनी एकीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी हे गेले. मी आणि मुलगा घरी परत आलो.