धुळीतला पटका

आबांचा पटका धुळीत पडला आणि त्यावर कुणाचा तरी पाय पडला. अँब्युलन्सचं इंजिन चालू होतं. आत आबांची धाकटी सून सविता रक्तानं भिजत होती. आणि आबांच्या थोरल्या मुलानं गेटमध्ये जीप आडवी लावली.

"डॉक्टरनं उचलायचा अन् आबाच्या डोक्यावर ठिवायचा," तो म्हणाला. "तवर गाडी हलायची न्हाई."

नेकनूरच्या पुढे एका मिशन दवाखान्यात मी आया होते. आया म्हणजे बाळंतिणीला धरणारी, फरशी पुसणारी, घाण बाहेर नेणारी. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं लेबर रूममध्येच शिकले.

सविताचं बाळंतपण नीट झालं होतं. मुलगी झाली. पण नंतर रक्त थांबेना. याला दवाखान्यात पीपीएच म्हणतात. बाळ बाहेर आलं की गर्भपिशवी मुठीसारखी आवळली पाहिजे, तरच रक्त थांबतं. हिची आवळली नाही. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. डॉक्टर म्हणाले, बीडला न्या, रक्त चढवावं लागेल, कदाचित पिशवीच काढावी लागेल.

तोवर रूथ सिस्टरनं एक मूठ आतून लावली होती आणि दुसऱ्या हातानं पोट वरून दाबलं होतं. पिशवी दोन्ही हातांच्या मध्ये धरून ठेवायची. हात काढला की धार सुरू. म्हणून वर चादर टाकून ती तशीच ओणवी, स्ट्रेचरच्या बाजूनं चालत निघाली.

दारात सविताचा नवरा आडवा आला. "सकाळी चांगली व्हती! काय केलं तुमी?" म्हणत त्यानं सिस्टरच्या थोबाडीत दिली. तिला चुकवता आलं नाही. दोन्ही हात गुंतलेले. मी बघत होते. मान फिरली, हात हलला नाही.

डॉक्टर तरुण होते. हाताला गुण होता, डोकं गरम. त्यांनी त्याला ढकललं. आम्ही स्ट्रेचर गाडीत चढवलं, तरी बाहेर ढकलाढकली चालूच. आबा आवाज ऐकून धावत आले, मध्ये पडले, आणि पटका गेला.

"साहेब, उचला की," ड्रायव्हर म्हणाला.

"मी? सिस्टरला मारलंय त्यांनी! पोलिसांना फोन केलाय मी."

"खोटं!" थोरला ओरडला. त्याचे दोन-तीन सोबती मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. "उचला डॉक्टरसाहेब, बीडभर दाखवतो!"

डॉक्टरांचं खरं होतं. आबांचंही त्यांच्या रीतीनं खरं होतं. आमच्याकडे पटका पडला म्हणजे माणूस पडला. त्यावरून भावकीची बोलचाल तुटते, ती नातवंडांपर्यंत. दोघांचं खरं होतं आणि सविताचे ओठ पांढरे पडत होते.

मी गाडीत सिस्टरजवळच होते. ती म्हणाली, "मावशी, तुमी उचला."

"मी न्हाई."

"माझे हात गुतलेत."

"गालावर बोटं उठलीत तुमच्या. ह्यांच्यापुढं वाकू मी?"

"त्यांच्यापुढं न्हाई वो. हिच्यासाठी."

आमचं घर ख्रिस्ती झालं त्याआधी माझी आजी असल्याच मोठ्या लोकांच्या दारापुढून चपला हातात घेऊन जायची. ते वाकणं भीतीचं होतं. आम्ही ते सोडलं आणि बरं केलं. रविवारी पाळक नम्रतेवर बोलायला लागले की मी मनात म्हणायचे, तुमचं काय जातंय. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, हे मला ठाऊक होतं. पण त्याला कुणी दटावून धुवायला लावले नव्हते. तो आपण होऊन वाकला.

सिस्टरलाही कुणी लावलं नव्हतं. ज्यानं मारलं त्याच्याच बायकोचा जीव ती मुठीत धरून उभी होती. बाहेर एवढे बाप्ये, एक जीप, आरडाओरडा. जोर कुठं आहे, ते मला दिसत होतं.

मी उतरले. पटका उचलला, झटकला, आबांपुढं धरला.

"तुझ्या हातचा?" थोरला म्हणाला. "तू कोण गं? डॉक्टरला सांग."

मी हात खाली घेतला नाही. "डॉक्टरला रुसू द्या, तुमी बी रुसा. रगात काय रुसवा निघायची वाट बघत न्हाई."

तेवढ्यात सिस्टर आतून म्हणाली, "आबा, हात काढता येत न्हाई मला, न्हाईतर मीच आले असते. तुमचा पटका पडला, चुकलं आमचं. आता वाट द्या." आवाज नेहमीसारखा. पेशंटला कूस बदल म्हणतानाचा.

आबा मागच्या दाराशी आले. आत वाकून बघितलं. सून बघितली. सिस्टरचा गाल बघितला. तिच्या डोळ्यांत घाम उतरत होता, तो तिला पुसता येत नव्हता. मग त्यांनी धाकट्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"जीप काढ," आबा म्हणाले.

"आबा, पण पटका..."

"काढ म्हणलं न्हवं!"

त्यांनी माझ्या हातून पटका घेतला. बांधला नाही. घडी करून मांडीवर ठेवला आणि ड्रायव्हरशेजारी बसले. असा माणूस बोडक्यानं गावातून जातो तो घरात कुणी गेल्यावर. ते तसेच बीडपर्यंत गेले.

मी मागं चढले, डॉक्टरही चढले. गॉजचा तुकडा घेऊन सिस्टरचा घाम पुसत राहिले. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला सविता कण्हायची आणि सिस्टर म्हणायची, "हाय मी, हाय."

बीडच्या दवाखान्यात सिस्टरचा हात मोकळा केला तेव्हा बोटं सरळ होईनात. मी ती चोळली. विचारलं, राग आला नाही का? म्हणाली, "आला की. पण हात कामात व्हता."

सौम्य माणूस दुबळा असतो, असं ज्याला वाटतं, त्यानं त्या रस्त्यानं बीडपर्यंत एक गर्भपिशवी धरून दाखवावी.

पिशवी काढावी लागली नाही. सविता वाचली. तिची मुलगीही सुखरूप.