दादांचा सायकलपंप

सांगलीला तार आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. दादा गेले. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, कराडचे गुरांचे डॉक्टर. तव्यावरची भाकरी करपत होती, ती उलटवली आणि मग रडले...

दादांना एकच वेड. माझ्यापुढे मूठ मिटून म्हणायचे, "स्नायू आखडायला कॅल्शियम लागतं, बाबी. चुन्यात असतं तेच. पण ते पेशीत शिरतं कुठल्या दारानं?" मी म्हणे, "कडी वाजवत असेल." "मग उघडतं कोण?" घ्या! पुढच्या भेटीत मी मुद्दाम विचारी, "कळलं का?" उत्तर ठरलेलं, "अजून नाही."

लढाईच्या दिवसांत मी माहेरपणाला गेले होते. मलकापूरच्या तानूबाईची म्हैस व्याली आणि पडली. नवरा पलटणीत, पदरी लेकरं, दुभतं जनावर तेवढंच. मीही हौसेनं दादांबरोबर छकड्यात बसले. म्हैस मान कुशीकडे वळवून निपचित, कान गार. शेजारी म्हणत होते, "दूध काढा, हलकी व्हईल."

"थेंब काढायचा न्हाई!" दादा कडाडले. "रक्तातलं कॅल्शियम दुधात उतरलंय, म्हणून अंगात जोर न्हाई."

शिरेतून द्यायची कॅल्शियमची बाटली लढाईमुळं मिळत नव्हती. दादांनी सायकलचा पंप काढला, बारीक नळी उकळली, चारी सडांतून कासेत हवा भरली आणि सडांना पट्ट्या बांधल्या. कास फुगली की दूध उतरायचं थांबतं, कॅल्शियम रक्तात राहतं, असं त्यांचं म्हणणं.

"आवं, म्हस हाय का टायर?" तानूबाई रडत म्हणाली. उन्हं कलली आणि म्हैस मागचे पाय उचलून उठली. तानूबाई तिच्या गळ्यात पडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? दादा मात्र परतताना वाटभर मूठ मिटत-उघडत होते.

पुढं तो पंप फक्त म्हशींचा. स्वतःच्या सायकलीत हवा भरायला दादा दुकानात जात.

तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी, मी अजून कराडलाच होते, तानूबाई वहिनींकडे धापा टाकत आली. "वैनी, शेजारची म्हस पडलीया. साताऱ्याहून डाक्टर येस्तवर पंप द्या. मला दादांनी शिकवलंय." दादा गेल्यापासून वहिनी कोपऱ्यातून हलल्या नव्हत्या. त्या उठल्या, चूल पेटवली आणि नळी उकळून दिली. "सावकाश भर गं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी निरोप आला, म्हैस उठली. पंप परत आला नाही, वहिनींनी मागितलाही नाही. पंपाची खुंटी रिकामी आहे, खाली बसक्या टायरांची सायकल. मी निघाले तेव्हा वहिनी ओट्यावर बसून मूठ मिटत होत्या, उघडत होत्या...

"कळलं का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अजून नाही, वन्सं."