साइट कुणीच उघडली नाही

वहिनी पोल्ट्री सोडून कुठं म्हणजे कुठं जायच्या नाहीत. भाऊ चाकणला कंपनीत, त्यामुळं शेडमधल्या कोंबड्या यांच्याच गळ्यात. चैत्रात वीज जाऊन पंखे बंद पडले आणि लगेच जनरेटर लावला नाही, तर पक्षी माना टाकतात. म्हणून माहेरच्या लग्नालाही जाणं नाही. गावच्या जत्रेतली बैलगाडा शर्यत तर लग्न होऊन आल्यापासून पाहिलेली नाही. मला लई वाईट वाटायचं. अवसरीला इंजिनिअरिंग केलेलं. म्हटलं, काहीतरी करतोच.

शेडात तापमान मोजणारं, बॅटरीवरचं यंत्र बसवलं. ते सिमवरून माझ्या सॉकेट सर्व्हरला, म्हणजे यंत्राची हाक ऐकायला सतत लाइन उघडी ठेवून बसलेल्या प्रोग्रॅमला, जोडलेलं असायचं. शेड तापलं की सर्व्हर वहिनींना फोन लावायचा. आकडा बघायला साइटही केली. आणि दोन्ही कोंबली एकाच प्रोसेसमध्ये. एका मेन स्विचवर दोन घरं! चाललं मात्र झकास. घरचे, शेजारचे, जो तो येता-जाता साइट उघडून आकडा बघायचा.

"भावजी, औंदा मी शर्यत बघायला घाटात येते," वहिनी म्हणाल्या. नवी साडी नेसल्या. बैल सुटले तशा ट्रॉलीवर उभ्या राहून अशा ओरडल्या, की मी बघतच राहिलो.

अख्खं गाव शर्यतीला. साइट कुणीच उघडली नाही. आणि स्वस्तातल्या होस्टिंगचा नियम असा, की साइटवर बराच वेळ कुणी फिरकलं नाही तर तिचं वेब अ‍ॅप्लिकेशन झोपवायचं. ते झोपलं, त्याच्याबरोबर त्याच प्रोसेसमधला सॉकेट सर्व्हरही झोपला. इकडं वीज गेली, यंत्र हाका मारत बसलं. ऐकायला होतं कोण, डोंबल!

परत आलो तर शेडात आवाजच नाही. वहिनी नव्या साडीनिशी मेलेल्या कोंबड्यांत मटकन बसल्या. "मी कशाला गेले व्हते, भावजी?" एवढंच बोलल्या. मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आता सॉकेट सर्व्हर वेगळा चालतो. साइट झोपो नाहीतर मरो, त्याला फरक पडत नाही. काय चाटायचंय त्याला! वहिनी नवी पिल्लं टाकायला तयार नाहीत. यंत्र काढायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

यंदा जत्रेच्या दुपारी त्यांना बोलवायला गेलो. "न्हाई, तुमी जावा," म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेड तापलं होतं. वहिनी चपला घालून लगबगीनं गेल्या आणि रिकाम्या शेडातले पंखे लावून आल्या.