नजर दुसऱ्या जोडीवर

मी भांडखोर आहे, असं माझ्या सासरी अजून सांगतात. खोटं नाही ते. पण त्या पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं, तर माझा गोऱ्हा दलालाच्या दावणीला गेला असता, हे कोणी सांगत नाही. म्हातारपणी नातवाकडून अक्षरं शिकले आहे, तर आता मीच लिहून ठेवते.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. विलायतेला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी अकोल्याची वाट दिवसभर धुळीनं भरलेली असायची आणि गाड्यांना बैल पुरत नव्हते. अकोटचा एक दलाल आमच्या गावात दारोदार बैल बघत फिरायचा. त्याचा डोळा माझ्या पांढऱ्या गोऱ्ह्यावर होता. याला जन्म देतानाच गाय मेली, तेव्हा कापसाचा बोळा बकरीच्या दुधात भिजवून मी तो त्याला चोखायला दिला आणि तसाच वाढवला. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या लेखी तो लाडानं वाया गेलेला बैल होता. त्यांनी सांगून टाकलं, "शंकरपटात जितला त ठेवतो. हारला त सकाळी दलालाले देऊन टाकतो."

पटात दोन जोड्या शेजारशेजारच्या आखलेल्या वाटांवरून पळतात. शेवटी चुन्याची रेघ असते. ती जी आधी ओलांडेल ती जिंकली. आमचा गोऱ्हा एकेका जोडीला मागं टाकत शेवटच्या धावेपर्यंत पोचला, आणि समोर कोणाची जोडी यावी? माझ्याच थोरल्या भावाची! दादा पार अमरावतीकडून, माझ्या माहेरहून, आपले लाल बैल आणि गाड्या भरून गावकरी घेऊन आला होता. आमची जोडी आमचे घरचे, म्हणजे माझे धनी, हाकत होते, दादाची त्याचा गडी. रेघेजवळच्या बांधावर मी आणि वहिनी खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

धूळ उठली, जोड्या आल्या, रेघेपलीकडे गेल्या. मी ओरडले, "आमची!" त्याच दमात वहिनी ओरडली, "आमची!" मैदानभर तोच प्रकार. आमच्या गावानं आमची जोडी आधी आलेली पाहिली होती, दादाच्या गावानं दादाची. दोन पंच होते, एक आमचा आणि एक त्यांचा, त्यांच्यातही तशीच फूट पडली. काठ्या वर झाल्या.

माझं डोकं तापलं. मी वहिनीला म्हटलं, "वयनी, खोटं काहून बोलून राहिल्या?"

"माह्या कुकवाची आन," ती म्हणाली. "मी आमच्या बैलांवरून डोया हालवला नाही. तेच आधी आले."

वहिनी कुंकवाची शपथ खोटी घेणारी नव्हे. मीही आमच्या बैलांवरून डोळा हलवला नव्हता. एकाच बांधावरून, एकाच रेघेकडे दोघींनी पाहिलं होतं आणि दोघीही खरं बोलत होतो. म्हणजे ज्या जोडीवर नजर खिळलेली, तीच बघणाऱ्याला आधी आलेली दिसते; बाजूचं आपल्याला जरा मागून कळतं. भांडणारं सगळं मैदान खरं बोलत होतं.

मी पदर डोक्यावर ओढला आणि सरळ पुरुषांच्या घोळक्यात शिरले.

"मामाजी, जोड्या पुन्ना पयवा. पण आता आमच्या गावानं दादाची जोडी पाहाची, अन् दादाच्या गावानं आमची. दोन्हीकून एकच जोडी आधी आली म्हटलं, त तेच जितली."

मामाजींचा चेहरा लालबुंद झाला. "पटात सून बोलन आता?"

दादा मात्र हसायला लागला. "हे लहानपणापासून अशीच हाय. पण बोलते ते बराबर हाय."

पंचांना पटलं. बैलांना पाणी दाखवलं, दम खाऊ दिला आणि जोड्या पुन्हा उभ्या राहिल्या.

माझ्यासारखी शिक्षा कोणालाच झाली नसेल. ज्याला बोळ्यानं दूध पाजलं तो जिवाच्या आकांतानं पळत येत होता आणि मला त्याच्याकडे बघायची बंदी! त्याचं फुरफुरणं मला लांबून ओळखू आलं. मान वळायला लागली की मी दात आवळायचे. दादाच्या लाल बैलाच्या शिंगांवरून मी नजर काढली नाही. शेजारी वहिनी आमच्या जोडीकडे बघत माझं मनगट दाबून धरत होती.

लाल बैलाचा पाय रेघेला लागायच्या आतच पलीकडून गर्जना उठली. ती दादाच्या गावाची होती आणि तिच्यात सगळ्यात मोठा आवाज दादाचा होता. "गोऱ्हा आला!" माझी नजर लाल शिंगांवर होती, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं अंग रेघेपलीकडे गेलेलं मला दिसलं. आमचं गाव ओरडलं, त्यांचं गाव ओरडलं, आणि या वेळी दोघांच्या तोंडी एकच जोडी होती. मी बांधावरच वहिनीच्या गळ्यात पडून रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दलालाला मामाजींनीच हात हलवून वाटेला लावलं. गुलालानं माखलेला गोऱ्हा आम्ही वाजतगाजत घरी आणला. त्याच्या गळ्याला मिठी मारून मी घरच्यांना विचारलं, "कसा पयाला हो?"

"मले काय मालूम? मले मागून शेपट्याच दिसल्या."

मामाजींनी लाल बैल पाहिले होते, शेजाऱ्यांनीही लाल बैलच पाहिले होते. आमच्या बैलाचा विजय आमच्या अख्ख्या गावात कोणी धड पाहिलाच नव्हता! तो पाहिला होता हरलेल्यांनी. म्हणून दादाला ओट्यावर बसवलं, पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हटलं, "सांग आता."

दादानं सांगितलं. अर्ध्या वाटेवर गोऱ्हा मागं होता. मग त्यानं मान खाली घातली, कान पाडले, आणि जोडीदारालाही ओढून नेलं. सांगता सांगता दादाचा घास हातातच राहिला. आपली जोडी हरली हे तो विसरूनच गेला होता.

मामाजी इतका वेळ खांबाला टेकून, पाठ फिरवून बसले होते. दादा थांबला तसे ते वळले आणि सरकत सरकत ओट्याजवळ आले.

"मंग?" ते म्हणाले. "मंग काय केलं माह्या गोऱ्ह्यानं?"