अश्विनच्या मशीनमधला कन्व्हर्टर

आमगावच्या स्टेशनरोडला अश्विनचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. माणूस कामाला वाघ, पण आवराआवर म्हटली की अंगात आळस शिरायचा. पत्रिका मांडायचा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला, आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टरही त्यातच कोंबला. एकाच गंजात वरण, भात, भाजी! ते सगळं चालायचं फक्त त्याच्या मशीनवर, दुकानातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर. बायको अल्का शेजारी बसून त्याचंच काम शिकलेली. ती म्हणायची, "कन्व्हर्टर वेगळा काढा जी." तो हसायचा, "मी आहो ना अठी. कायले भेवते?"

२०१२च्या उन्हाळ्यात काविळीनं त्याला नेलं. भ्यायचं ते अल्काच्या एकटीच्या वाट्याला आलं.

मशीनही आता मधेच बंद पडू लागली होती. ती गेली की अश्विननं आयुष्यभर केलेलं कामही जाणार. नागपूरचा त्याचा मित्र चंद्रशेखर फोनवर सांगत गेला आणि अल्का कन्व्हर्टरचा कोड त्या प्रोग्राममधून ओळीओळीनं सोडवत गेली. कुठल्याही कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होईल असं त्याचं पॅकेज बांधायचं होतं.

पण तिनं पाठवलेलं पॅकेज चंद्रशेखर आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचा, तेव्हा ते दरवेळी अडायचं. अश्विननं कोडमध्ये कुठंतरी आपल्याच मशीनमधल्या फोल्डरचा पत्ता लिहून ठेवलेला असायचा. अल्का कपाळाला हात लावायची. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटायचं. पुन्हा त्याच्या खुर्चीत बसायचं, त्यानं लिहिलेलं वाचायचं, "किती हा पसारा करून ठेवला जी" म्हणून त्याच्यावर चिडायचं. गेलेल्या माणसाशी भांडायला मिळतं, ही काय थोडी गोष्ट झाली?

धानकापणीच्या दिवसांत चंद्रशेखरचा फोन आला. "वहिनी, एका झटक्यात चाललं! त्याची मशीन कुठंच लागली नाही."

अल्का हो हो म्हणाली. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. तेवढ्यात सासू, सुमनबाई, डबा घेऊन आली.

"काऊन वं, रडून राहिली? नाई चाललं का?"

"चाललं जी, आई. त्यायच्याबिना चाललं."

सुमनबाईनं डबा खाली ठेवला आणि पोराच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली.